हॉटेलचे तारे आणि आतली खोली: शहरातले उंची हॉटेल निवडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलला तारे देते कोण?

ते हॉटेल कोणत्या देशात आहे त्यावर अवलंबून आहे. जगभर चालणारी एकच पद्धत अस्तित्वात नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

फ्रान्समध्ये आतू फ्रान्स ही राष्ट्रीय पर्यटन संस्था हे काम पाहते. दर्जा पाच वर्षांसाठी मिळतो, मग पुन्हा तपासणी. तिथे पाचवा तारा २००९ मध्ये आला; त्याआधी चार ताऱ्यांवर गाडी थांबत असे. २०१० पासून निवडक पंचतारांकित हॉटेलांना ‘पॅलेस’ हा वेगळा किताबही दिला जातो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि युरोपातल्या इतर काही देशांच्या हॉटेल संघटनांनी २००९ मध्येच ‘हॉटेलस्टार्स युनियन’ स्थापन करून एक सामाईक निकषयादी स्वीकारली. इटली आणि स्पेनमध्ये नियम प्रांतागणिक बदलतात. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेल पाहून एक ते पाच तारे आणि त्यावर ‘फाइव्ह स्टार डिलक्स’ असा दर्जा देते. जुन्या वाड्या-राजवाड्यांसाठी ‘हेरिटेज’ हा निराळा गट आहे. हे वर्गीकरण ऐच्छिक असल्यामुळे एखाद्या उत्तम हॉटेलने अर्जच केलेला नसणे अगदी शक्य आहे. अमेरिकेत सरकार तारे देतच नाही.

त्यामुळे ‘पंचतारांकित’ हा शब्द वाचला की पुढचा प्रश्न ठरलेला असावा: कोणाच्या यादीनुसार, आणि कोणत्या वर्षी?

पाच ताऱ्यांसाठी नेमके काय तपासले जाते?

मुख्यतः मोजता येणाऱ्या गोष्टी. हॉटेलस्टार्स युनियनच्या पाच ताऱ्यांसाठी चोवीस तास माणूस हजर असलेले रिसेप्शन, चोवीस तास खोलीत खाणे-पिणे मागवण्याची सोय, मिनीबार, खोलीतली तिजोरी, तासाभरात कपड्यांना इस्त्री करून देणे, संध्याकाळी पलंग नीट लावून देणारी टर्नडाउन सेवा अशा अटी आहेत. ओळख लपवून राहणाऱ्या पाहुण्याकडून तपासणीही होते. इतर देशांच्या याद्या तपशिलात वेगळ्या असल्या तरी वळण हेच आहे.

खोलीच्या आकाराचे उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये दोघांच्या पंचतारांकित खोलीला बाथरूम धरून किमान २४ चौरस मीटर लागतात, चार ताऱ्यांना १६. भारतीय नियमांत पाच ताऱ्यांसाठी बाथरूम वगळून २०० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. एकीकडे बाथरूम धरलेले, दुसरीकडे वगळलेले. दोन देशांतल्या पंचतारांकित खोल्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसायला होते ते यामुळे.

रात्री अकराला भिंतीपलीकडून टीव्ही ऐकू येतो का, शॉवरला जोर आहे का, गादी मधोमध खचली आहे का, तक्रार केल्यावर समोरचा माणूस दहा मिनिटांत हलतो की ‘बघतो’ म्हणून गायब होतो, यातले फार थोडे ताऱ्यांच्या यादीत येते. परिसर कसा आहे तेही येत नाही. महामार्गाला चिकटलेले हॉटेलही नियमानुसार पंचतारांकित असू शकते.

चार तारे असलेले हॉटेल पाच ताऱ्यांच्या हॉटेलापेक्षा चांगले असू शकते का?

हो, आणि हे अपवादाने घडते असेही नाही. जुन्या इमारतीतल्या छोट्या हॉटेलात जलतरण तलाव बसत नाही, सभागृहाला जागा नसते, चोवीस तास स्वयंपाकघर चालवणे परवडत नाही. तेवढ्यावर एक तारा जातो. काही मालक मुद्दाम खालचा दर्जा ठेवतात, कारण अनेक ठिकाणी कर किंवा परवाना शुल्क ताऱ्यांशी जोडलेले असते, शिवाय काही कंपन्यांच्या प्रवास नियमांत कर्मचाऱ्यांना पंचतारांकित हॉटेल चालत नाही. हॉटेलस्टार्स युनियनच्या पद्धतीत ‘सुपीरियर’ अशी जोड मिळते; चार तारे सुपीरियर म्हणजे गुण भरपूर आहेत, पण पाचव्या ताऱ्याची एखादी सक्तीची अट अपुरी आहे. अशी हॉटेले शोधून काढावीत. पैशाच्या मानाने बहुधा सर्वात जास्त तिथेच मिळते.

बुकिंग साइटवर दिसणारे तारे खरे मानावेत का?

फिल्टर लावण्यापुरते. काही देशांत साइट अधिकृत दर्जाच दाखवते, पण जिथे अधिकृत पद्धत नाही तिथे तो आकडा हॉटेलने स्वतः कळवलेला किंवा साइटने स्वतःच्या अंदाजाने लावलेला असतो. म्हणून एकच हॉटेल एका साइटवर चार आणि दुसरीवर पाच ताऱ्यांचे दिसते. पडताळायचे असेल तर त्या देशाच्या पर्यटन खात्याची किंवा हॉटेल संघटनेची यादी पाहा. अधिकृत दर्जा असलेल्या हॉटेलच्या दाराशी पाटी असते. तिच्यावर वर्ष दिले असेल तर तेही वाचा.

पाहुण्यांनी दिलेले गुण ही निराळीच गोष्ट. दहापैकी नऊ गुण मिळवणारे साधे हॉटेल ‘जेवढे पैसे घेतले त्या मानाने छान’ असते. महागड्या हॉटेलला लोक कडक हाताने गुण देतात. दोन वेगळ्या दरांतल्या हॉटेलांचे गुण एका रांगेत लावू नयेत.

सहा किंवा सात तारे म्हणजे काय?

जाहिरात. सर्वसाधारण अधिकृत पद्धती पाचावर संपतात. त्यावर फार तर ‘डिलक्स’, ‘लक्झरी’, ‘ग्रँड लक्झरी’ अशी शेपटी जोडली जाते. ‘सात तारे’ ही भाषा रुळली ती १९९९ मध्ये उघडलेल्या दुबईच्या बुर्ज अल अरबमुळे. तो शब्द वर्तमानपत्री लिखाणातून पसरला, कोणत्याही वर्गीकरणातून आलेला नाही.

फोर्ब्सचे तारे, एएएचे हिरे, मिशेलिनच्या किल्ल्या यांचा उपयोग होतो का?

होतो, सरकारी ताऱ्यांपेक्षा अधिकच, कारण यांत वागणुकीलाही गुण आहेत. फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडची सुरुवात १९५८ मध्ये मोबिल ट्रॅव्हल गाइड या नावाने झाली. त्यांचे निरीक्षक नाव लपवून राहतात आणि सेवेला सोयींपेक्षा जास्त वजन देतात. एएए ही उत्तर अमेरिकेतली मोटारचालकांची संघटना हिरे देते. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनने हॉटेलांसाठी एक ते तीन ‘किल्ल्या’ २०२४ पासून सुरू केल्या.

एक चूक मात्र नेहमी होते. ‘मिशेलिन तारा असलेले हॉटेल’ असे लिहिलेले असते तेव्हा तो तारा आतल्या रेस्टॉरंटचा असतो. वरच्या मजल्यावरच्या गाद्यांशी त्याचा संबंध नाही.

मोठ्या साखळीचे नाव असेल तर दर्जाची खात्री धरावी का?

किमान पातळीची धरावी, त्यापुढे नाही. हॉटेलवर ज्या कंपनीचे नाव झळकते ती बहुतेक वेळा इमारतीची मालक नसते. मालक कोणी गुंतवणूकदार असतो. काही ठिकाणी ब्रँड स्वतःची माणसे नेमून हॉटेल चालवतो, तर काही ठिकाणी मालक फ्रँचायझी घेऊन नाव लावतो आणि कारभार तिसऱ्याच कंपनीकडे देतो. पहिल्या प्रकारात सेवेत सातत्य जास्त आढळते. तिसरा प्रकार ‘कलेक्शन’ नावाचा. तिथे हॉटेल स्वतःचे नाव राखते आणि साखळीची फक्त आरक्षण यंत्रणा व नेहमीच्या पाहुण्यांना मिळणारे पॉइंट वापरते. यात रत्नेही सापडतात आणि निराशाही होते.

गालिचे कधी बदलायचे याचा खर्च मालकाने करायचा असतो. एकाच ब्रँडच्या दोन हॉटेलांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते त्याचे कारण अनेकदा एवढेच.

मग निवड कुठून सुरू करावी?

नकाशावरून. ज्या ठिकाणी तुम्हाला रोज जायचे आहे ते खूण करा आणि ज्या वेळी निघणार त्याच वेळेचा प्रवासकाळ पाहा. दुपारी तीनला दहा मिनिटे दाखवणारे अंतर सकाळी नऊला चाळीस मिनिटे होऊ शकते. ‘शहराच्या मध्यभागी’ या शब्दांवर जाऊ नका. रात्री आसपास काय उघडे असते, पायी चालण्यासारखा रस्ता आहे का, दाराशी गाडी थांबू शकते का, हे रस्त्याच्या छायाचित्रांत दिसते.

त्यानंतर हॉटेलचा तुम्ही खरोखर किती वापर करणार ते ठरवा. सकाळी आठला बाहेर आणि रात्री दहाला परत, असा कार्यक्रम असेल तर स्पा, तलाव आणि तीन रेस्टॉरंट यांचे पैसे दरात भरून उपयोग नाही. तेच पैसे शांत, मोठ्या खोलीवर लावा. दिवसभर खोलीत बसून काम करायचे असेल तर बसता येईल असे टेबल, पाठ टेकणारी खुर्ची आणि दिवसाउजेड हवा. अलीकडे बऱ्याच नव्या हॉटेलांनी टेबल काढून गोल तिपाई ठेवली आहे. फोटोत छान दिसते, लॅपटॉपपुढे तासभर बसवत नाही.

शेवटी तीनच हॉटेले उरवा आणि त्यांची तुलना नेमक्या खोलीच्या प्रकारावर करा. पंचतारांकित हॉटेलमधली सर्वात लहान खोली की चार ताऱ्यांच्या हॉटेलमधला स्वीट (बसायला जागा असलेली मोठी खोली), असा सामना एकाच दरात अनेकदा होतो. दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर आम्ही स्वीटच्या बाजूने मत देऊ.

‘डिलक्स’, ‘प्रीमियर’, ‘एक्झिक्युटिव्ह’ यांत वरचे कोणते?

नावावरून कळत नाही. बऱ्याच उंची हॉटेलांत ‘डिलक्स’ ही सर्वात खालची पायरी असते. प्रत्येक प्रकाराखाली दिलेले चौरस मीटर वाचा. सामानासह दोघांना २५ पर्यंत अडचण जाणवते, ३० ते ३५ मध्ये सुटसुटीत वाटते, ४० च्या वर बसायला वेगळी जागा मिळू लागते. दोन प्रकारांत आकार तोच असून दर वेगळा असेल तर फरक मजल्याचा, दृश्याचा किंवा क्लब लाउंजच्या (जादा दर देणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव बैठकीच्या जागेच्या) प्रवेशाचा असतो.

‘ज्युनियर स्वीट’ म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच मोठी खोली, सोफा मांडलेली. मध्ये दार हवे असेल तर ‘वन बेडरूम स्वीट’ असे लिहिलेले बघा. ‘सिटी व्ह्यू’ म्हणजे समोरची इमारतसुद्धा असू शकते, आणि ‘पार्शल व्ह्यू’ म्हणजे मान वळवल्यावर दिसणारी फट.

पलंगाबाबतही गृहीत धरू नका. अमेरिकी किंग साईज १९३ सेंटिमीटर रुंद, क्वीन १५२. युरोपात ‘डबल’ म्हणजे पुष्कळदा दोन वेगळ्या गाद्या जोडून लावलेल्या. शिवाय बुकिंगच्या वेळी निवडलेला डबल किंवा ट्विन (दोन वेगळे पलंग) हा काही दरांत फक्त ‘विनंती’ असतो. पलंगाचा प्रकार खोलीच्या नावातच लिहिलेला असेल तेव्हा भरवसा जास्त.

शांत खोली मिळावी म्हणून काय मागावे?

‘शांत खोली द्या’ एवढे लिहिले तर नोंदीत एक ओळ पडते आणि तिथेच राहते. नेमके सांगा: लिफ्टपासून दूर, शेजारच्या खोलीला जोडणारे आतले दार नसलेली, रस्त्याऐवजी अंगणाच्या बाजूची. ते जोडदार हा आवाजाचा सर्वात मोठा चोर-रस्ता आहे. दाराखालच्या फटीतून बोलणे शब्दन् शब्द ऐकू येते. बारच्या वरचा मजला, जिमच्या खालचा मजला, यंत्रसामग्रीच्या मजल्याला लागून असलेला मजला आणि हाउसकीपिंगच्या गाड्या ठेवतात त्या कोठाराशेजारची खोली टाळा. अंगणाच्या बाजूला स्वयंपाकघराचे धुराडे किंवा पहाटे बाटल्या रिकामी करण्याची जागा नाही ना, तेही विचारा. उंच मजला नेहमी शांत असतो असे नाही, कारण छतावर वातानुकूलनाची यंत्रे असतात.

ही विनंती पोहोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी थेट हॉटेलला ईमेलने करा. खोल्यांचे वाटप साधारण तेव्हापासून आदल्या संध्याकाळपर्यंत होते. महिनाभर आधीचा मजकूर त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो.

एसी चालू असूनही खोली थंड होत नाही, असे चांगल्या हॉटेलात का होते?

काही इमारतींत खोल्या थंड किंवा गरम करणारे पाणी फिरवण्यासाठी नळ्यांची एकच जोडी असते. अशा वेळी सगळी इमारत एक तर थंड करता येते किंवा गरम. ऋतू बदलताना हॉटेलने ती गरम बाजूला वळवली असेल, तर तुम्ही खोलीतल्या पडद्यावर १८ अंश लावा नाहीतर १६, पंखा फक्त वारा ढवळतो. दोन वेगळ्या जोड्या असलेल्या इमारतींत हा त्रास नाही. थंड देशांत वसंत किंवा शरद ऋतूत जात असाल तर ‘या तारखांना खोलीत कूलिंग चालू असते का?’ असा थेट प्रश्न विचारा, आणि खिडकी उघडते का तेही. दुसरे किरकोळ कारण म्हणजे माणसाची हालचाल ओळखणारा सेन्सर; तो तुम्ही झोपलात की खोली रिकामी समजतो. तो बंद करायला रिसेप्शनला सांगता येते.

दाखवलेल्या दरात काय नसते?

दरापुढे अधिकची दोन चिन्हे असतील तर कर आणि सेवाशुल्क दोन्ही वर लागणार. बऱ्याच शहरांत माणशी किंवा खोलीमागे दर रात्रीचा नगरकर असतो आणि तो हॉटेलातच भरावा लागतो, आधी पूर्ण पैसे दिलेले असले तरी. काही शहरी हॉटेले ‘डेस्टिनेशन फी’ नावाने वायफाय, जिम, पाण्याच्या बाटल्या यांचे सक्तीचे शुल्क घेतात. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या संघीय नियमाने अशी सक्तीची शुल्के पहिल्यापासून दरात मिळवून दाखवणे बंधनकारक केले. शुल्क त्यामुळे गेलेले नाही, फक्त लपत नाही.

चेक-इनला कार्डावर अनामत अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती मर्यादेतून वजा दिसते. डेबिट कार्डावर प्रत्यक्ष शिल्लक अडकते आणि सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात. म्हणून इथे क्रेडिट कार्डच वापरा. आणि बिल भरताना यंत्र ‘तुमच्या देशाच्या चलनात द्यायचे का?’ असे विचारते तेव्हा नाही म्हणा. तो विनिमय दर जवळजवळ नेहमीच तोट्याचा असतो.

क्लब लाउंजचे जादा पैसे द्यावेत का?

दोघांचा नाश्ता, संध्याकाळची पेये आणि दिवसभराचा चहा-कॉफी यांची हॉटेलच्याच मेन्यूवरची किंमत काढा आणि जादा दराशी ताडून पाहा. संध्याकाळी तिथे खरोखर बसणार असाल तर सहसा परवडते. रोज बाहेर जेवणार असाल तर नाही. पैसे भरण्यापूर्वी लाउंजच्या वेळा, मुलांना प्रवेश आहे का आणि लाउंज दुरुस्तीसाठी बंद तर नाही, एवढे विचारून घ्या.

थेट हॉटेलकडून बुकिंग करावे की साइटवरून?

दर सारखाच असेल तर थेट. साइटवरून आलेल्या पाहुण्याला साखळीचे पॉइंट आणि सदस्यत्वाचे फायदे बहुधा मिळत नाहीत, आणि तारीख बदलायची झाली की हॉटेल साइटकडे बोट दाखवते, साइट हॉटेलकडे. साइटवर बरेच स्वस्त मिळत असेल तर हॉटेलला तोच दर मागून बघा. अनेक साखळ्या किमतीशी बरोबरी करण्याचे वचन देतात, मात्र खोलीचा प्रकार आणि रद्द करण्याच्या अटी तंतोतंत जुळाव्या लागतात. फार महागड्या हॉटेलांत तिसरा मार्ग फायद्याचा ठरतो: व्हर्चुओसोसारख्या जाळ्यातला प्रवास सल्लागार. हॉटेलच्याच लवचीक (रद्द करता येणाऱ्या) दरात नाश्ता आणि जागा असल्यास वरची खोली मिळवून देतो.

नूतनीकरण कधी झाले हे कसे कळावे?

विचारून, आणि ‘लॉबीचे की खोल्यांचे?’ हा उपप्रश्न विसरू नका. जाहिरातीतले ‘नूतनीकृत’ अनेकदा तळमजल्यापुरते असते. पडदे, गालिचे, गाद्या सर्वसाधारणपणे पाच ते सात वर्षांत बदलतात. बाथरूम आणि फर्निचरचे मोठे काम त्याच्या दुप्पट काळाने. काम मजल्यामजल्याने होत असेल तर एकाच दरात नवी आणि जुनी दोन्ही प्रकारची खोली नशिबी येऊ शकते. सध्या ड्रिलिंग चालू आहे का आणि किती वाजल्यापासून, हे लेखी उत्तरात घ्या.

अभिप्राय वाचताना नव्यात नवे आधी लावा आणि सहा महिन्यांपेक्षा जुने सोडून द्या. मधल्या गुणांचे अभिप्राय सर्वात उपयोगी. पाचपैकी पाच देणारा भारावलेला असतो, एक देणारा संतापलेला.

पहाटे पोहोचणार असलो तर?

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते. लगेच झोपायचे असेल तर आदल्या रात्रीचे पैसे भरा आणि ‘सकाळी सहाला येत आहोत, खोली धरून ठेवा’ असे कळवून लेखी होकार मिळवा. हे राहून गेले तर रात्रीचा हिशेब बंद करणारा कर्मचारी तुम्हाला ‘आले नाहीत’ असे नोंदवतो, आणि मग एका रात्रीऐवजी सगळे आरक्षणच रद्द होऊ शकते. मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

कॉन्सिअर्जच्या (पाहुण्यांची बाहेरची कामे करून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) कोटावर आडव्या किल्ल्या असतात, त्या कशाच्या?

‘ले क्ले दोर’ या कॉन्सिअर्जांच्या संघटनेच्या. तिची सुरुवात १९२९ मध्ये पॅरिसमध्ये झाली. सभासदत्व सहज मिळत नाही, त्यामुळे अशा किल्ल्या दिसल्या तर त्या माणसाला काम सांगायला कचरू नका. मिळायला अवघड असे जेवणाचे टेबल किंवा तिकीट हवे असेल तर मुक्कामाच्या दोन आठवडे आधीच ईमेल करा.

आरक्षण असूनही ‘खोली शिल्लक नाही’ म्हणाले तर?

हॉटेले ठरवून थोडे जास्त आरक्षण घेतात, कारण काही पाहुणे येतच नाहीत. अंदाज चुकला की कोणाला तरी दुसरीकडे पाठवावे लागते. उशिरा येणारे, एकच रात्र राहणारे आणि साइटवरून स्वस्तात आलेले यांचा नंबर आधी लागतो. शांतपणे ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि या गोष्टी मागा: त्याच किंवा वरच्या दर्जाच्या हॉटेलात खोली, तिचा खर्च या हॉटेलकडून, तिथवरची गाडी, आणि मुक्काम जास्त दिवसांचा असेल तर दुसऱ्या दिवशी परत आणण्याची सोय. सगळे कागदावर घ्या. तुमच्या कार्डावरची अनामत त्याच वेळी सोडवून घ्या, नाहीतर दोन्ही हॉटेलांकडे पैसे अडकतात.

खोलीत शिरल्यावर आधी काय तपासावे?

बॅग उघडण्यापूर्वी दहा मिनिटे द्या. एसी लावा आणि हवा थंड होते का पाहा. शॉवरचे गरम पाणी सोडा, ते दोन मिनिटांत यायला हवे, आणि खाली पाणी तुंबत नाही ना ते बघा. दिवे मालवून पडदे ओढा. बाहेरचा फलक किंवा दाराखालचा उजेड तेव्हाच दिसतो. गादीच्या शिवणी आणि डोक्याकडच्या फळीमागे टॉर्च मारा, ढेकणांचे काळे ठिपके तिथे असतात. दोन मिनिटे गप्प बसून ऐका. तिजोरी उघडी-बंद करा. दारामागचा आपत्कालीन नकाशा वाचून जिना कोणत्या हाताला आहे ते प्रत्यक्ष पाहून या.

काही खटकले तर फोनवर न बोलता रिसेप्शनवर जा आणि नेमके कारण सांगा. सामान न उघडलेली, पलंग न वापरलेली खोली हॉटेलला लगेच दुसऱ्याला देता येते, म्हणून बदल चटकन होतो. नवी खोली आधी बघून मगच किल्ली घ्या.